आधी विहीर मोजा, मग पंप द्या

झाशीच्या जुन्या परकोटाच्या दरवाज्यांपैकी ओरछा दरवाजा, म्हणजे इथल्या लोकांच्या तोंडचे ओरछा गेट, ओरछ्याच्या दिशेला आहे. १७४२ च्या सुमारास नारो शंकर पेशव्यांचे सुभेदार म्हणून इथे आले. त्यांनी किल्ला वाढवला, शहर वसवले, आणि पुढे सुभेदारीच्या काळात जी मराठी घराणी झाशीत स्थायिक झाली त्यांच्यापैकी काही आजही या परकोटाच्या आत नांदत आहेत. अशाच एका घरी गेल्या हिवाळ्यात मी काही दिवस मुक्कामाला होतो. यजमानांना सगळे नाना म्हणतात, मीही तेच म्हणतो. वय सत्तरीच्या पुढे, घर ओरछा गेटच्या आत, आणि शेत दरवाज्यापासून काही कोसांवर. शेत चार एकर. तिथे एक खोली, गोठा आणि दगडात खोदलेली विहीर आहे. विजेचा खांब मात्र शेतापर्यंत पोहोचलेला नाही.

विहीर पाच मीटर व्यासाची आणि पंचेचाळीस फूट खोल. इतकी वर्षे तिच्यावर डिझेल इंजिन चालत आले. इंजिन सुरू केले की दोन-अडीच तासांत तळ दिसू लागतो आणि मग बंद करून बसावे लागते. नाना हिंदीच्या वळणाने म्हणतात, "पाणी तुटते." डिझेल परवडेना म्हणून त्यांनी सौर पंप बसवण्याचे मनावर घेतले. मुलगा कॅनडात आहे. त्याने फोनवर सांगितले, "बाबा, पैशाची काळजी करू नका. मोठ्यात मोठा बसवून घ्या." एका विक्रेत्याचा माणूस शेतावर येऊन गेला. त्याने शेत किती एवढेच विचारले. चार एकर ऐकल्यावर तो म्हणाला, पाच अश्वशक्ती. विहिरीत तो डोकावलासुद्धा नाही. संध्याकाळी नानांनी मला विचारले, "अहो, तुम्ही इतकी वर्षे सरकारात काढलीत. तुम्हीच सांगा, कितीचा घेऊ?"

सौर पंपांच्या कित्येक मंजुऱ्यांवर मी स्वतः सह्या केलेल्या आहेत. तरी मला उत्तर देता आले नाही. ते का देता आले नाही, हे सांगण्यासाठी हा लेख आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे: आपली शासने सौर पंपाची क्षमता ठरवताना शेतकऱ्याची जमीन पाहतात, बोअरची खोली आणि रुंदी पाहतात, कागद पाहतात, त्या विहिरीत दिवसाला पाणी किती येते ही एकमेव विचारण्याजोगी गोष्ट विचारत नाहीत. या एका चुकीमुळे एक उत्तम योजना अर्धी वाया जात आहे, आणि उरलेली अर्धी शेतकऱ्याला नव्या बोअरकडे ढकलत आहे.

दोन राज्ये, दोन तक्ते

केंद्र शासनाने २०१९ साली पीएम-कुसुम योजना मंजूर केली. तिच्या 'ब' घटकात, जिथे वीज पोहोचलेली नाही अशा शेतांवर स्वतंत्र सौर पंप बसवण्यासाठी साडेसात अश्वशक्तीपर्यंत अनुदान ठेवले गेले. सर्वसाधारण सूत्र असे की तीस टक्के केंद्राचे, किमान तीस टक्के राज्याचे आणि उरलेले शेतकऱ्याचे. उत्तर प्रदेशाने साठ टक्के अनुदान दिले. महाराष्ट्राने २०२४ साली 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजना आणली आणि शेतकऱ्याचा वाटा दहा टक्क्यांवर, अनुसूचित जाती-जमातींसाठी पाच टक्क्यांवर आणला. हेतूविषयी माझी काहीच तक्रार नाही. रात्री दोन वाजता वीज येणार म्हणून बॅटरी घेऊन शेतात जाणारा शेतकरी ज्याने पाहिला आहे, तो दिवसा चालणाऱ्या पंपाला विरोध करणार नाही.

प्रश्न क्षमता ठरवण्याचा आहे. महाराष्ट्राचा तक्ता असा: अडीच एकरांपर्यंत तीन अश्वशक्ती, अडीच ते पाच एकर पाच अश्वशक्ती, पाच एकरांच्या पुढे साडेसात. म्हणजे सात-बारा पाहिला की पंप ठरला. पात्रतेपेक्षा लहान पंप मागण्याची मुभा आहे, परंतु तीनच्या खाली तक्त्यात काहीच नाही. आणि दहा टक्क्यांत पाच अश्वशक्ती मिळत असताना तीन मागणारा शेतकरी मला अजून भेटायचा आहे. पाण्याचा शाश्वत स्रोत असल्याची खात्री करावी, अशी तरतूदही आहे. पण त्या तरतुदीचा प्रश्न 'आहे की नाही' एवढाच आहे. 'किती आहे' हा प्रश्न नमुन्यात नाही.

उत्तर प्रदेशाची रीत निराळी. तिथे दोन अश्वशक्तीपासून दहापर्यंत पंप जाहीर झाले. दोनसाठी चार इंची बोअर हवा, तीन आणि पाचसाठी सहा इंची, साडेसात आणि दहासाठी आठ इंची. पाण्याची खोलीही बांधून दिलेली: दीडशे फुटांपर्यंत तीन, दोनशेपर्यंत पाच, तीनशेपर्यंत साडेसात आणि दहा. बोअर शेतकऱ्याने स्वतःच्या खर्चाने घ्यायचा. तेव्हा नोंदणी संगणकावर, 'प्रथम येईल त्याला प्रथम' या न्यायाने, टोकनचे पैसे भरून होत असे. पाहणीत बोअर आढळला नाही तर टोकनची रक्कम जप्त.

वाचकांनी दोन्ही तक्ते शेजारी ठेवून पाहावेत. एक राज्य जमीन मोजते, दुसरे भोक मोजते. पाणी कोणीच मोजत नाही.

केंद्राला पाण्याची आठवण अजिबात नव्हती असे म्हणता येणार नाही. मूळ मार्गदर्शक सूचनांत असे म्हटले होते की जिथे भूजलाचा उपसा मर्यादेपलीकडे गेला आहे त्या क्षेत्रांत नवे पंप देऊ नयेत. असलेल्या डिझेल पंपाच्या जागीच सौर पंप द्यावा आणि तोही सूक्ष्म सिंचनाच्या अटीवर. सूचना योग्य आहे. पण ती विकासखंड किंवा तालुका हे एकक धरते. कठीण खडकाच्या प्रदेशात याला फारसा अर्थ राहत नाही. तालुका सुरक्षित असतो आणि त्यातली विहीर दुपारी बारा वाजता कोरडी पडते.

खडकाचे गणित

झाशीच्या आसपासची जमीन ग्रॅनाइटची आहे. पाणी असते ते वरच्या काही मीटर कुजलेल्या खडकात आणि खालच्या भेगांत. दख्खनच्या काळ्या पाषाणाची जातकुळी वेगळी, पण विहिरीच्या दृष्टीने नशीब जवळपास सारखेच. अशा खडकात विहीर म्हणजे केवळ पाणी काढण्याचे तोंड नसते. ती पाणी साठवण्याची टाकीही असते. बाजूच्या भेगांतून थेंबथेंब येणारे पाणी रात्रभर तिच्यात जमते आणि सकाळी शेतकरी ते काढतो. गंगेच्या गाळाच्या प्रदेशात जमिनीखाली वाळूत पाणी भरलेले असते, तिथे मोठा पंप मोठे पाणी देतो. उत्तर प्रदेशात एकाच राज्यात हे दोन्ही प्रदेश आहेत, आणि दोघांना तक्ता एकच.

नानांना उत्तर द्यायचे म्हणून आम्ही दुसऱ्या दिवशी विहीर मोजली. साधने तीन: दोरी, दगड आणि मनगटावरचे घड्याळ. सकाळी पाण्याची उंची तीन मीटर होती. पाच मीटर व्यासाच्या विहिरीत एक मीटर उंचीचे पाणी म्हणजे सुमारे १९,६०० लिटर. तेव्हा साठा साधारण ६०,००० लिटरचा. इंजिन लावून पाणी काढले, तळ दिसताच इंजिन बंद केले आणि दर तासाला दोरी सोडत राहिलो. पाणी तासाला साधारण पंधरा सेंटीमीटर चढत होते, म्हणजे ताशी जवळपास ३,००० लिटर. पातळी वर येते तशी ही आवक मंदावते. त्यामुळे चोवीस तासांत ही विहीर फार तर सत्तर हजार लिटर देईल. त्याहून अधिक नाही.

आता पंपाकडे वळू. पाच अश्वशक्तीच्या सौर पंपाला ४,८०० वॉटची पॅनेल असतात. केंद्रीय मंत्रालयाच्या मानकाप्रमाणे एसी मोटर असेल तर वीस मीटर एकूण उचलीला निरभ्र दिवशी दर वॉटमागे पन्नास लिटर पाणी मिळाले पाहिजे. म्हणजे दिवसाला २,४०,००० लिटर. हिवाळ्यात थोडे कमी धरा. विहीर देणार सत्तर हजार आणि पंप मागणार दोन लाख चाळीस हजार! सकाळी साठलेले पाणी दोन तासांत संपेल आणि दिवसाचे बाकीचे तास पॅनेल उन्हात स्वस्थ बसतील. जनतेच्या पैशातून घेतलेल्या दहा पॅनेलांपैकी सात तिथे शोभेसाठी उभी राहतील.

आणि एक अश्वशक्तीचा पंप? त्याला साधारण १,२०० वॉट लागतात. त्याच हिशेबाने दिवसाला साठ हजार लिटर. विहिरीच्या आवकेशी जवळजवळ तंतोतंत जुळणारा आकडा. गव्हाच्या एका पाळीला एकरी सहा सेंटीमीटर पाणी धरले तर एकराला सुमारे २,४०,००० लिटर लागतात. साठ हजारांतले बारा हजार ढगांना आणि धुक्याला सोडून दिले तरी वीस दिवसांत जवळपास दहा लाख लिटर होतात, म्हणजे चार एकरांची एक पाळी. नानांचे शेत चार एकरांचेच आहे. थोडक्यात, ज्या शेताला तक्ता पाच अश्वशक्ती देऊ करतो त्या शेताची आणि विहिरीची गरज एका अश्वशक्तीत भागते.

माझी स्वतःची सही

काही वर्षांपूर्वी एका जिल्ह्यात सौर पंपांच्या निवड समितीचे अध्यक्षपद माझ्याकडे होते. यादी समोर यायची: नाव, गट क्रमांक, क्षेत्र, पंपाची क्षमता. मी क्षेत्र आणि क्षमता तक्त्याशी ताडून पाहायचो आणि सही करायचो. उद्दिष्ट वेळेआधी पूर्ण केल्याबद्दल आमचे कौतुकही झाले. दोन वर्षांनी दुसऱ्याच कामासाठी त्या भागातून जाताना एका शेतावर थांबलो. पॅनेल चकचकीत होती, पंप व्यवस्थित होता, फक्त तो विहिरीत नव्हता. शेतकऱ्याने विहिरीशेजारी खोल बोअर घेऊन पंप त्यात सोडला होता. मी कारण विचारले. तो म्हणाला, "साहेब, पंप मोठा मिळाला. विहीर त्याला पुरेना. पंप बसवून ठेवायचा का?"

त्याचे काय चुकले? आम्ही त्याच्या दारात मोठा पंप उभा केला आणि पंपाने त्याच्याकडे पाणी मागितले. आधी तो विहीर खोल करतो, मग तळात आडवे बोअर मारतो, मग उभा बोअर घेतो. त्याच्या बोअरने शेजाऱ्याच्या विहिरीचे झरे ओढले जातात, तेव्हा शेजारीही बोअर घेतो. या साखळीच्या पहिल्या कडीवर माझी सही आहे. तिला कोणत्याही लेखापरीक्षणात आक्षेप आला नाही आणि येणारही नाही, कारण ती नियमाप्रमाणे होती. प्रशासनात सर्वांत जास्त नुकसान नियमाप्रमाणे केलेल्या सह्यांनी होते, असे मला आता वाटते.

आजोबांना जे कळत होते

विहीर मोजणे ही काही परदेशातून आणलेली कल्पना नाही. आपल्याकडे विहिरीची ओळखच तिच्यावर किती मोटा चालतात यावरून होत असे. एका मोटेची विहीर, दोन मोटांची विहीर. साताऱ्याजवळच्या लिंब गावची बारा मोटांची विहीर तर प्रसिद्धच आहे. एका मोटेच्या विहिरीवर दोन मोटा लावणाऱ्याला गाव शहाणा म्हणत नसे, कारण दुसऱ्या मोटेचे बैल नुसते उभे राहणार हे सगळ्यांना दिसत होते. बुंदेलखंडात रहाट होता. तो सावकाश फिरायचा, दिवसभर फिरायचा, आणि विहीर त्याच्याबरोबर भरत राहायची. सौर पंप स्वभावाने रहाटाच्या जातीचा आहे. सूर्य उगवला की हळूहळू सुरू व्हायचे, दुपारी वेग घ्यायचा, मावळतीला थांबायचे. आपण त्याला डिझेल इंजिनाच्या मापाने मोजतो आणि दोन तासांत विहीर रिकामी करायला लावतो.

आक्षेप आणि उत्तरे

हे मी सहकाऱ्यांजवळ बोललो तेव्हा चार आक्षेप निघाले. ते सगळे प्रामाणिक आहेत, म्हणून क्रमाने घेतो.

पहिला: लहान पंपाची धार बारीक असते आणि पाटातून शेवटच्या वाफ्यापर्यंत पोहोचण्याआधीच जिरते, म्हणून शेतकरी मोठा पंप मागतो. हा आक्षेप शंभर टक्के खरा आहे. शेतकऱ्याची मागणी जाड धारेची असते, अश्वशक्तीची नसते. जाड धार हौदातूनही मिळते. शेताच्या उंच कोपऱ्यात साठ हजार लिटरचा हौद बांधला, सहा मीटर लांब, पाच मीटर रुंद आणि दोन मीटर खोल, तर लहान पंप तो दिवसभरात भरतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तोटी उघडली की हवी तेवढी जाड धार मिळते. पाइप असतील तर वाटेत जिरणेही थांबते. तेव्हा जादा पॅनेलांवर जाणारे अनुदान हौदावर आणि पाइपांवर खर्च करा.

दुसरा: लाखो विहिरी मोजायला माणसे कुठून आणायची? मला हा आक्षेप ऐकून नेहमी नवल वाटते. जे शासन पॅनेलचा फोटो, शेतकऱ्याचा फोटो आणि जागेचे अक्षांश-रेखांश मागू शकते, त्याला दोरी सोडायला माणूस मिळत नाही? २०२० पासून राबवलेल्या अटल भूजल योजनेत सात राज्यांतल्या ग्रामपंचायतींनी विहिरींच्या पातळ्या मोजून पाण्याचे ताळेबंद केले. त्यात महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश दोन्ही होते. महाराष्ट्रात भूजल सर्वेक्षण यंत्रणा सत्तरच्या दशकापासून निरीक्षण विहिरींच्या नोंदी ठेवत आली आहे. एका विहिरीला एक दिवस आणि एक माणूस लागतो. शेतकरी स्वतः मोजू शकतो आणि शेजारचे दोघे साक्षीची सही करू शकतात.

तिसरा: विहिरीची आवक ऋतूप्रमाणे बदलते, मग कोणता आकडा धरायचा? माघ महिन्यातला धरा. रब्बीची शेवटची पाळी त्या सुमारास असते आणि पाण्याची खरी ओढ तेव्हा कळते. पावसाळ्यात भरलेली विहीर पाहून मंजुरी देणे म्हणजे पगाराच्या दिवशीचे पाकीट पाहून कर्ज देणे.

चौथा आक्षेप दुसऱ्या टोकाचा आहे: ऊन फुकट, म्हणून सौर पंप भूजल संपवून टाकतील, सबब ते देऊच नयेत. ही भीती निराधार नाही. फुकट विजेने पंजाबचे काय झाले ते सगळ्यांना माहीत आहे. परंतु या उपायाचा भार कोणावर पडतो ते पाहा. ज्याच्या शेतात वीज आहे त्याचा पंप चालूच राहील. ज्याच्याकडे खांब नाही त्याने मात्र डिझेल जाळत राहावे! उघड्या विहिरीवरचा, आवकेला जोडलेला लहान पंप भूजल संपवू शकत नाही, कारण विहीर स्वतःच त्याला मर्यादा घालते. धोका खोल बोअरवरच्या मोठ्या पंपाचा आहे, आणि आपले तक्ते नेमके त्यालाच बक्षीस देतात.

जिथे क्रम बरोबर लागला

झाशीहून फार लांब जायला नको. बबीना विकासखंडात परासई-सिंध नावाचे पाणलोट क्षेत्र आहे. २०११ नंतर झाशीच्याच केंद्रीय कृषिवानिकी संशोधन संस्थेने आणि हैदराबादच्या इक्रिसॅटने गावकऱ्यांच्या साथीने तिथे नाल्यांवर बंधारे घातले आणि गावातली जुनी हवेली दुरुस्त केली. हवेली म्हणजे वाडा नव्हे. बुंदेलखंडात शेताला बांध घालून पावसाचे पाणी अडवण्याच्या जुन्या पद्धतीचे हे नाव आहे. त्यानंतर तिथल्या विहिरींची पातळी काही मीटरांनी वर आली आणि वर्षानुवर्षे कोरड्या पडणाऱ्या विहिरी उन्हाळ्यापर्यंत टिकू लागल्या. पाणी आधी आणि पंप नंतर, असा हा क्रम होता.

महाराष्ट्रात हिवरे बाजारचे उदाहरण घरोघरी माहीत आहे. तिथे गावाने सिंचनासाठी बोअरवेलवर बंदी घातली आणि दरवर्षी पाऊस मोजून पिकांचा ताळेबंद मांडला. त्या बंदीमागे गावाचा ठराव होता, म्हणून ती टिकली. गावाला स्वतःचे पाणी मोजता येते, याला याहून वेगळा पुरावा कशाला हवा?

तेव्हा माझ्या मागण्या पाचच आहेत, आणि त्यांतल्या कशालाही नवा कायदा लागत नाही.

१. कठीण खडकाच्या जिल्ह्यांत पंपाची क्षमता विहिरीच्या मोजलेल्या आवकेवरून ठरवावी. जमिनीचे क्षेत्र ही वरची मर्यादा असावी, मूळ आधार असू नये.

२. तक्त्यात एक आणि दोन अश्वशक्तीचे पंप आणावेत, आणि उघड्या विहिरीला बोअरइतकीच पात्रता असावी.

३. पात्रतेपेक्षा लहान पंप घेणाऱ्याचे वाचलेले अनुदान त्यालाच हौद, पाइप किंवा ठिबकसाठी द्यावे.

४. एकाच कंट्रोलरवर कडबाकुट्टी किंवा पिठाची गिरणी चालवण्याची सोय तंत्रज्ञानात आहे आणि योजनेने तिला मान्यताही दिलेली आहे. वीज नसलेल्या शेतावर ती सक्तीने द्यावी, म्हणजे पावसाळ्यात पॅनेल बसून राहणार नाहीत.

५. जिल्ह्याचे उद्दिष्ट 'किती पंप बसवले' असे नसावे. दोन वर्षांनंतर किती पंप मूळ विहिरीवरच चालू आहेत, हे मोजावे.

शेवटची मागणी सर्वांत कठीण आहे याची मला जाणीव आहे. २००९ साली बुंदेलखंडाच्या तेरा जिल्ह्यांसाठी ७,२६६ कोटींचे विशेष पॅकेज जाहीर झाले होते. त्यातही विहिरी आणि बंधारे होते, आणि त्यांची मोजणी नगांत झाली. नग मोजणे सोपे असते, कारण नग मार्चअखेरीला पूर्ण होतात. पाणी मार्चअखेरीला पूर्ण होत नाही.

नानांनी काय केले

नानांना एका कार्यालयात सांगण्यात आले की योजनेत सर्वांत लहान पंप दोन अश्वशक्तीचा, त्यालाही चार इंची बोअर हवा, आणि विहिरीसाठी एक अश्वशक्तीचा पंप बसतच नाही. मी दोन जणांना फोन केले, उपयोग झाला नाही. शेवटी नानांनी अनुदान सोडले आणि स्वतःच्या पैशाने एक अश्वशक्तीचा पंप घेतला. ४०० वॉटची तीन पॅनेल, दक्षिणेला तोंड करून, झाशीच्या अक्षांशाला साजेशी पंचवीस अंश तिरपी. पाया, अर्थिंग, वीज पडू नये म्हणून रोधक, पाणी संपले की मोटर आपोआप थांबवणारा सेन्सर, आणि भोवती काटेरी तार. या भागात दूध आटलेली जनावरे मोकळी सोडून देण्याची 'अन्ना' प्रथा आहे, तेव्हा तारेवाचून पॅनेल टिकत नाहीत. वाचलेल्या पैशात हौदाचे काम सुरू झाले. म्हणजे ज्याने विहिरीचे ऐकले त्याला एक पैसा अनुदान मिळाले नाही. त्यांनी पाच अश्वशक्ती मागून बोअर घेतला असता तर साठ टक्के मिळाले असते. यापेक्षा स्पष्ट शब्दांत कोणतीही योजना आपली चूक सांगू शकणार नाही.

मुलगा आधी नाराज झाला. "बाबा, इतका लहान का?" असे त्याने दोनदा विचारले. नानांनी त्याला दोरीवरच्या खुणांचा फोटो पाठवला, तेव्हा तो गप्प झाला.

घराबाहेर, परप्रांतात किंवा परदेशात राहणाऱ्या मराठी वाचकांना म्हणून माझे वेगळे सांगणे आहे. तुमच्यापैकी अनेकांची जमीन गावी आहे, ती भाऊ किंवा काका कसतात, आणि पंपाच्या पैशासाठी फोन तुम्हाला येतो. तुम्ही प्रेमाने म्हणता, मोठा घ्या. पुढच्या वेळी पैसे पाठवण्याआधी तीन प्रश्न विचारा. माघात सकाळी विहिरीत पाणी किती हात असते? इंजिन किती वेळ चालले की तळ लागतो? आणि रिकामी झाल्यावर एका तासात पाणी किती वीत चढते? या तीन उत्तरांत पंपाचे माप आहे. ते विचारायला शासन निर्णय लागत नाही.

झाशीत आख्यायिका आहे की १८५८ साली इंग्रजांची फौज ओरछा दरवाज्यातून शहरात शिरली, कारण दरवाजा आतून उघडला गेला. इतिहासकारांनी त्यावर काय ते ठरवावे. मी निघालो त्या सकाळी नाना मला दरवाज्यापर्यंत पोहोचवायला आले होते. ऊन नुकतेच वर आले होते. ते म्हणाले, "आत्ता पंप सुरू झाला असेल." आणि घड्याळ पाहून ते रिक्षा शोधू लागले, कारण त्यांना हौद भरताना पाहायचा होता.